पाळ शंभर वर्षे टिकली, म्हणून ती सुरक्षित आहे का? चांदा-गडचिरोलीच्या धरणांना विचारायचे दोन प्रश्न

१/ २१ ऑक्टोबर २०२३ ची संध्याकाळ. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा तालुक्याच्या हद्दीवर, गोदावरीवरील मेडिगड्डा बॅरेजचे काही खांब खचले. हे बॅरेज जून २०१९ मध्ये सुरू झाले होते. त्याचे वय जेमतेम सव्वाचार वर्षांचे होते. त्याच वेळी उत्तरेला नागभीड, सिंदेवाही आणि सावली तालुक्यांत शंभरीच्या घरातले तलाव नेहमीप्रमाणे धानाला पाणी देत उभे होते.

२/ अशा घटनेनंतर एक वाक्य हमखास कानी पडते : "जुन्यांचे काम पाहा आणि आजचे पाहा!" आपल्यासारख्या इतिहासप्रेमींना हे वाक्य फार प्रिय आहे. माझे मत मात्र वेगळे आहे. धरणाच्या बाबतीत हे वाक्य अर्धवटच नव्हे, तर घातक आहे. वय हे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नाही आणि आकार हे धोक्याचे माप नाही. हा धागा त्याविषयी आहे. लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

३/ कोणत्याही धरणाला दोन स्वतंत्र प्रश्न विचारावे लागतात. पहिला : हे फुटलेच तर खाली कोणाचे काय जाईल? याचे उत्तर म्हणजे त्या धरणाचा धोका-वर्ग. दुसरा : आज या धरणाची प्रकृती कशी आहे? याचे उत्तर म्हणजे त्याची स्थिती-श्रेणी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर धरणाच्या खालच्या बाजूला सापडते, दुसऱ्याचे प्रत्यक्ष धरणात.

४/ आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. घनदाट रानात वाळवीने पोखरलेला साग उभा आहे. त्याची स्थिती वाईट, पण तो पडला तर माणसाचे नुकसान नाही. शाळेच्या अंगणात डेरेदार, निरोगी वड आहे. त्याची स्थिती उत्तम, पण तो कोसळला तर अनर्थ होईल. म्हणून वड तोडायचा नसतो. त्याच्याकडे अधिक वेळा लक्ष द्यायचे असते. खरी झोप उडावी ती शाळेच्या अंगणातल्या पोखरलेल्या झाडाने. धरणांचेही असेच आहे.

५/ म्हणजे एखाद्या धरणाचा धोका-वर्ग 'उच्च' आहे हे ऐकून "धरण फुटणार" असा निष्कर्ष काढणे चूक. आणि "छोटासा तलाव आहे, त्याला काय होते" असे म्हणून पाठ फिरवणे हीदेखील चूकच. पहिल्या चुकीतून अफवा जन्मतात, दुसरीतून दुर्घटना.

६/ भारतात या दोन्ही मोजपट्ट्या अस्तित्वात आहेत. केंद्रीय जल आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार धोक्याचे चार वर्ग आहेत. खालच्या भागातील लोकसंख्या, मालमत्ता, पर्यावरण अशा संभाव्य हानीवरून वर्ग ठरतो; पहिला वर्ग सर्वांत कमी हानीचा, चौथा सर्वांत मोठ्या हानीचा. तपासणीनंतर स्थितीच्या तीन श्रेणी लावतात. श्रेणी एक म्हणजे धरण फुटण्याची शक्यता निर्माण करणारे गंभीर दोष. श्रेणी दोन म्हणजे तातडीने दुरुस्त करायचे दोष. श्रेणी तीन म्हणजे किरकोळ दोष किंवा निर्दोष.

७/ इथे एक गोम आहे. एका मोजपट्टीत 'एक' हा आकडा दिलासा देतो, दुसरीत तोच आकडा धोक्याची घंटा असतो. नुसता "धरण वर्ग एकमध्ये आहे" असा मथळा वाचला तर विचारले पाहिजे : कोणत्या मोजपट्टीवर? अमेरिकेच्या राष्ट्रीय धरण सूचीत धोका (कमी, लक्षणीय, उच्च) आणि स्थिती (समाधानकारक, बरी, वाईट, असमाधानकारक) हे दोन रकाने एकाच नोंदीत वेगवेगळे असतात. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही, हे तिथे गृहीतच धरलेले आहे.

८/ आता इतिहासाकडे येऊ. चांद्याच्या गोंड राजांविषयी परंपरा सांगते की, जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन मिळे. कोहळी समाजाने या कामात असामान्य कौशल्य मिळवले. आजच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत असे हजारो तलाव उभे राहिले. पुढे इंग्रजी अमलात मध्य प्रांताच्या महसूल व्यवस्थेत मालगुजारांना जमिनीची मालकी मिळाली आणि या तलावांना 'मालगुजारी तलाव' हे नाव चिकटले.

९/ या तलावाची रचना साधी आहे. उताराला आडवी घातलेली मातीची पाळ, शेताला पाणी सोडण्याचे तुडुम आणि जादा पाणी पाळीवरून न जाता बाजूने निघून जावे म्हणून ठेवलेला सलंग, म्हणजेच सांडवा. या तिघांत जिवाची गोष्ट सलंगाची. मातीच्या पाळीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तिच्या माथ्यावरून वाहणारे पाणी. सलंग बुजला की पाळ कितीही रुंद असो, एका रात्रीत कापली जाऊ शकते.

१०/ परंपरेतील त्या अटीकडे आता नव्या नजरेने पाहा. तलावाच्या पाण्याने भिजणारी जमीन कुठे असते? पाळीच्या खाली. म्हणजे ज्याने पाळ बांधली त्याचेच शेत पाळीच्या तोंडाशी. पाळ फुटली तर पहिले नुकसान त्याचे. धोका ज्याच्या दारात, स्थितीची काळजीही त्याच्याच माथी. आपण आज ज्या दोन प्रश्नांसाठी दोन तक्ते मांडतो, ते दोन्ही तेव्हा एकाच माणसाच्या अंगणात होते.

११/ याचा अर्थ तो काळ सुवर्णयुग होता असे नव्हे. मालगुजारी ही विषमतेची व्यवस्था होती. पाळीवर राबणारे हात आणि पाण्यावर हक्क सांगणारे तोंड बहुधा वेगळे असे. शिवाय आज दिसतात ते टिकलेले तलाव; जे फुटले, बुजले, नांगराखाली गेले त्यांची नोंद आपल्या नजरेसमोर नाही. केवळ वाचलेल्यांकडे पाहून "जुने सारे भक्कम" म्हणणे ही इतिहासाच्या विद्यार्थ्याने टाळावी अशी चूक आहे.

१२/ १९५० च्या कायद्याने तत्कालीन मध्य प्रदेशात मालगुजारी संपली. चांदा जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. निर्णय न्याय्य होता. तलाव सरकारकडे आले आणि पुढे त्यांची व्यवस्था वेगवेगळ्या कार्यालयांत विभागली गेली. मात्र एक गोष्ट घडली. धोका गावातच राहिला, स्थितीची जबाबदारी गावापासून दूर गेली. पाळीखाली राहणाऱ्याच्या हाती पाळीची वही उरली नाही. माझ्या मते या भागाच्या धरण-इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वळण हेच आहे, आणि ते आपण विसरलो आहोत.

१३/ दुसरा टप्पा इंग्रजांच्या सिंचन-तलावांचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत, दुष्काळांच्या कटू अनुभवानंतर, घोडाझरी, नलेश्वर, असोलामेंढा अशी मोठी कामे उभी राहिली. ती आजही उपयोगी आहेत. पण लक्षात घ्या : असोलामेंढा आता एकटा तलाव राहिलेला नाही. गोसीखुर्दच्या उजव्या कालव्याचे पाणी त्यात आणून साठा वाढवणे हा त्या प्रकल्पाचाच भाग आहे. साठा बदलला, खालची वस्ती बदलली, की शंभर वर्षांपूर्वीचे उत्तर चालत नाही. तलाव तोच, प्रश्न नव्याने विचारावा लागतो.

१४/ महाराष्ट्राने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. १२ जुलै १९६१. मुठेची उपनदी आंबी, तिच्यावरचे पानशेत धरण. मातीचे हे धरण अजून पूर्णही झालेले नव्हते, पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे होते आणि पावसाळ्यात साठा झपाट्याने चढत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटले. म्हणजे इथे वय शून्य होते.

१५/ आणि त्याच दिवशी खाली असलेले खडकवासल्याचे दगडी धरणही गेले. एकोणिसाव्या शतकातले ते काम कित्येक दशके पुण्याला पाणी देत होते. त्याच्यावर जे पाणी चालून आले, ते त्याच्या हिशेबात कधीच नव्हते. "शंभर वर्षे टिकले" हे वाक्य पुढच्या एका तासाची हमी देत नाही, हे पुण्याने त्या दुपारी पाहिले. धरण एकटे नसते. वरच्या धरणाची प्रकृती ही खालच्या धरणाचीही काळजी असते.

१६/ उलट उदाहरण कोयनेचे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात कोयना धरणाला तडे गेले. पण धरण उभे राहिले, तडे मोजले गेले आणि धरणाला मागून आधार देऊन मजबुती दिली गेली. धोका तितकाच मोठा राहिला. स्थिती मात्र माणसांनी सुधारली. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

१७/ तिसरे उदाहरण लहान धरणाचे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि पाळीखालची वाडी वाहून गेली. धरण लघुपाटबंधाऱ्याचे, वय दोन दशकांच्या आतबाहेर. गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या, असे गावकऱ्यांनी सांगितले. नंतर खेकड्यांनी धरण पोखरल्याची चर्चा राज्यभर गाजली. मातीच्या पाळीत बिळे पडणे हे खरोखरच धोक्याचे असते. पण बिळे एका रात्रीत पडत नाहीत. ती दिसावीत म्हणूनच तपासणी असते.

१८/ आता पुन्हा मेडिगड्डा. पंच्याऐंशी दरवाज्यांचे हे बॅरेज वाळूच्या पात्रावर उभे आहे. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने घटनेनंतर पाहणी केली. पायाखालची वाळू वाहून गेल्याचे आणि नियोजन, आराखडा, गुणवत्ता-नियंत्रण तसेच देखभाल या चारही बाबतींत उणिवा असल्याचे तिने नमूद केले. खांब खचले तेव्हा जीवितहानी झाली नाही. म्हणजे स्थिती अत्यंत वाईट, तरी त्या दिवशीचा परिणाम मर्यादित. तिवऱ्याशी तुलना करा : एक अवाढव्य, एक चिमुकले, माणसे गेली ती चिमुकल्यात.

१९/ आणखी एक गोष्ट. मेडिगड्डाचा डावा काठ सिरोंचाचा, म्हणजे महाराष्ट्राचा. २३ ऑगस्ट २०१६ रोजी दोन राज्यांत करार झाला, तेव्हा सर्वाधिक चर्चा कशाची झाली? पाण्याची पातळी शंभर मीटर ठेवण्याची आणि बुडणाऱ्या जमिनीची. ती योग्यच होती. पण काठावरच्या शेतकऱ्याला या बांधकामाची प्रकृती वेळोवेळी कोण कळवणार, हा प्रश्न तितक्याच हक्काने विचारला गेला पाहिजे. नदीच्या मध्यावर राज्याची सीमा असते. पाण्याला ती ठाऊक नसते.

२०/ धरण न फुटताही धोका असतो, हे चंद्रपूर शहराला सांगायला नको. इरई धरण महाऔष्णिक वीज केंद्राला आणि शहराला पाणी देते. जोरदार पावसात त्याचे दरवाजे उघडावे लागतात. त्याच वेळी वर्धा नदी तुडुंब असेल तर तिचा फुगवटा इरईत मागे सरकतो आणि नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली जातात. २०१३ आणि २०२२ चे पावसाळे अनेकांच्या स्मरणात आहेत. धरण जागचे हलले नाही, पण शहर नदीकडे सरकत गेले. धोका-वर्ग असा वाढतो : धरणाला हात न लावता.

२१/ वैनगंगेच्या काठी ऑगस्ट २०२० च्या अखेरीस हेच मोठ्या प्रमाणावर घडले. गोसीखुर्दच्या दरवाज्यांतून सोडलेले पाणी ब्रह्मपुरी, देसाईगंज, गडचिरोलीच्या गावांत शिरले. तेव्हाही प्रश्न "धरण मजबूत आहे का" हा नव्हता. "खाली कोण आहे आणि त्याला किती आधी कळते" हा होता.

२२/ कायदा काय सांगतो? धरण सुरक्षा अधिनियम २०२१, ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. पंधरा मीटरहून उंच धरणे त्यात येतात. दहा ते पंधरा मीटर उंचीची धरणे लांबी, साठा, पूर-विसर्ग अशा ठराविक अटी पूर्ण केल्यास येतात. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक आहे. अस्तित्वातील धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा आणि पहिले सर्वंकष सुरक्षा मूल्यमापन पाच वर्षांत, म्हणजे डिसेंबर २०२६ अखेरपर्यंत, व्हायचे आहे. हा कायदा मी स्वागतार्ह मानतो.

२३/ पण चांदा-गडचिरोलीकडे पाहताना त्याची मर्यादा डोळ्यांत भरते. मालगुजारी तलावांच्या बहुसंख्य पाळी दहा मीटरपेक्षा कमी उंचीच्या आहेत. ते या कायद्याच्या चौकटीबाहेर राहतात. म्हणजे ज्या पाळींखाली धानाची खाचरे, गोठे, आश्रमशाळा आणि टोळ्या-पाडे आहेत, त्यांचा धोका कोणत्याही रकान्यात लिहिलेला नाही आणि स्थितीही नाही. नोंद नाही म्हणजे धोका नाही, असे आपण नकळत धरून चालतो.

२४/ यावर दोन आक्षेप येतात. पहिला : श्रेणी जाहीर केल्या तर घबराट पसरेल. माझा अनुभव आणि इतिहास उलट सांगतो. घबराट माहितीने नाही, माहितीच्या अभावाने पसरते. दोन प्रश्नांतला फरक समजलेला गावकरी 'उच्च धोका' हे शब्द वाचून पळत सुटणार नाही, तो "मग तपासणी कधी झाली?" असे विचारेल. नेमका हाच प्रश्न अनेकांना नको असतो.

२५/ दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : हजारो लहान तलावांची तपासणी करायला अभियंते कुठून आणायचे? खरे आहे. सर्वांची सारख्या बारकाईने तपासणी शक्य नाही. पण म्हणूनच धोका-वर्ग आधी लावायचा असतो. ज्या पाळीखाली वस्ती आहे ती आधी, जिच्याखाली नुसते रान आहे ती नंतर. मर्यादित हात कुठे लावायचे हे ठरवण्यासाठीच ही मोजपट्टी जन्मली. तिला 'मोठ्या धरणांची चैन' समजणे चुकीचे आहे.

२६/ इतिहासप्रेमी म्हणून आपण काय करू शकतो? पाळीवर जातो तेव्हा केवळ शिल्पे आणि शिलालेख शोधू नये. पाळीच्या खालच्या अंगाला उतरावे. मातीची पाळ थोडी पाझरतेच. पाझर स्वच्छ आहे की गढूळ, हे पाहावे. गढूळ पाणी म्हणजे पाळीची माती आतून वाहून जात आहे. माथ्यावर लांबट भेगा, एखाद्या जागी खचलेला भाग, वारुळे, साळिंदराची बिळे, मोठ्या झाडांची मुळे, झुडपांनी किंवा अतिक्रमणाने बुजलेला सलंग यांची नोंद घ्यावी.

२७/ छायाचित्रावर तारीख टाकावी आणि ते ग्रामपंचायत, तहसील कार्यालय व संबंधित पाटबंधारे विभागाला लेखी कळवून पोच घ्यावी. पुढच्या वर्षी त्याच जागेवरून पुन्हा छायाचित्र घ्यावे. भर पुरात मात्र पाळीवर जाऊ नये. आणि आपण अभियंता नाही, हे विसरू नये : निदान आपले काम नाही, लक्षण टिपणे हे आहे. पाळीवरच्या जुन्या झाडांबद्दलही असेच. ती परस्पर तोडली आणि मुळे आत कुजली तर पाण्याला नवी वाट मिळते. तो निर्णय जाणकारांवर सोडावा.

२८/ माझी मागणी साधी आहे. ज्या तलावाच्या वा धरणाच्या खाली वस्ती आहे, त्याच्या पाळीवर मराठीत, आणि जिथे गोंडी-माडिया वा तेलुगू बोलतात तिथे त्या भाषेतही, एक फलक असावा. त्यावर चारच ओळी : धोका-वर्ग, स्थिती-श्रेणी, शेवटच्या तपासणीची तारीख आणि जबाबदार कार्यालय. कायद्याच्या चौकटीत न बसणाऱ्या लहान तलावांसाठीही जिल्ह्याने स्वतःहून हे करावे.

२९/ गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याचे शेत पाळीखाली असे. ती व्यवस्था परत आणता येणार नाही, आणू नयेही. पण पाळीखाली राहणाऱ्याला पाळीची प्रकृती ठाऊक असावी, हा त्यातला गाभा आजच्या लोकशाहीत अधिक न्याय्य रीतीने जपता येतो. जुन्या तलावांचा अभिमान बाळगायचा असेल तर तो असा बाळगावा.

३०/ आपल्या गावच्या तलावाचे नाव खाली लिहा. सोबत दोन ओळी : पाळीच्या खाली काय आहे, आणि पाळ शेवटची कधी तपासली गेली? दुसऱ्या ओळीचे उत्तर ठाऊक नसेल तर ते कार्यालयात जाऊन विचारा आणि मिळाले की इथेच लिहा. पावसाळ्याआधी जमले तर उत्तम.